बाळाखालचा हात

माझ्याकडे बाळ अंगाला बांधायला शिकायचं असेल, तर आधी कणीक बांधावी लागते. पाच किलो कणीक, चक्कीवरून दळून आणलेली, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून वरून टाके घातलेली. बाहुली मी ठेवत नाही. बाहुली कशीही बांधा, ती आपली गोड हसत राहते. कणीक एवढी सभ्य नसते. कापड जरा ढिलं राहिलं की ती हळूहळू खाली घसरते, एका बाजूला गोळा होते आणि बांधणाऱ्याची फजिती सगळ्यांना दिसते. चांगले शिकले-सवरलेले बाप ती पिशवी छातीशी बांधून माझ्या हॉलमध्ये फेऱ्या मारतात आणि मी दिवाणावर बसून ओरडते, "खांदे खाली! पोट आत! बाळ घेतलंय, सिलिंडर नाही."

ओरडणं ही माझी जुनी सवय. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी शाळेत ठेवून आले, पण आवाज काही ठेवता आला नाही. दुसरी एक सवयही तशीच राहिली. कुणी समोर आलं की मला आधी त्याचा चेहरा दिसत नाही, ते माणूस उभं कसं आहे ते दिसतं. कुठल्या पायावर भार आहे, कुठला खांदा वर आहे, हात कुठे लपवलाय. चेहऱ्याने माणसं थापा मारू शकतात, गुडघ्यांनी मारणं कठीण जातं.

हे बाळं बांधायचं खूळ माझ्या डोक्यात नातीमुळे शिरलं. लेक बाळंतपणाला आली होती. नात दिवेलागणीला जी रडायला लागायची ती आमच्या दोघींचं जेवण गार होईपर्यंत. लेकीने कुठून तरी एक लांबलचक कापड मागवलं होतं. ते कसं गुंडाळायचं हे मोबाइलवर बघत बघत आम्ही दोघींनी स्वतःला असं काही बांधून घेतलं की यजमान म्हणाले, आता तुम्हाला सोडवायला कुणाला बोलावू? पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमलं. नात माझ्या छातीवर झोपली आणि मी दोन्ही हातांनी वरणाला फोडणी दिली, अर्थात गॅसपासून बाळ लांब ठेवून, अंग तिरकं करून. त्या फोडणीचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा शाळेतल्या कुठल्याही कपाचा वाटला नव्हता. पुढे मी परगावी जाऊन याचं रीतसर शिक्षण घेतलं, माझ्या लेकीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून. आता रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या आमच्या घरात माझा वर्ग असतो. चपला फाटकापर्यंत पसरतात आणि यजमान पेपर घेऊन गच्चीवर जातात.

माझे नियम फार नाहीत, पण त्यात सूट नाही. बाळाचं तोंड उघडं, नाक मोकळं, हनुवटी छातीला टेकलेली नको. हे नागपुरात सांगावंच लागतं, कारण आमच्याकडे ऊन लागलं की दुपट्टा तोंडावर ओढायची सवय माणसाच्या हाडात आहे. गाडी काढायच्या आधी आमच्या पोरी डोळे तेवढे बाहेर ठेवून सगळं डोकं बांधून घेतात. त्याच मायेने त्या बाळाच्याही तोंडावर पदर ओढतात. मग माझा आवाज चढतो. दुसरं, बाळाची झोळी पडद्याच्या कड्या लावून घरी शिवायची नाही, त्या कड्या भाराने तुटतात. आणि तिसरं, झोळीत बाळ आणि बूड गाडीवर, असं मला कुणी रस्त्यात दिसलं, तर मी तिथेच गाडी थांबवून उतरवीन आणि लोक जमेपर्यंत बोलेन. दोघांना बोललेही आहे.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी ती तिघं आली. नवरा, बायको आणि सासूबाई. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, दोन-अडीच महिन्यांची मुलगी, जावळ भरपूर, आणि रागीट. नवरा कळमेश्वरला कारखान्यात पाळीवर जायचा, तो डोळे चोळत आला होता. सून दारातच भिंतीला उजवा खांदा टेकून उभी राहिली. डावा हात तिने ओढणीखाली घेतला होता, आणि ज्या तऱ्हेने ती ओढणी तिथे पडली होती त्यावरून मला कळलं की तो हात तिच्या कामाचा नाही.

"काय झालं हाताला?" मी विचारलं. असं सरळ विचारू नये म्हणतात. मी विचारते.

"गाडीवरून पडली," ती म्हणाली. "खांद्याजवळच्या नसा गेल्या. ऑपरेशन झालं. बोटं थोडी हलतात, पण वजन नाही घेता येत."

"बरं. मग काय शिकायचंय तुला?"

ती सासूबाईंकडे बघून थांबली. नवरा म्हणाला, "सांग ना वं." तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मले एकदा हिले घेऊन गच्चीवर जायचं आहे. एकटीनं. कोणी सोबत नको. घरी सगळे लय करतात माझं, तसं नाही. दूध पाजाले आई देतात, मंग घेऊन घेतात. झोपवतात ते, आंघोळ घालतात ते. मी नुसती बसून राहते. माझी पोरगी अजून माझ्याजवळ एकटी कधी आलीच नाही."

हे तिने रडवेल्या आवाजात सांगितलं नाही. दुकानात वस्तू मागावी तसं सांगितलं. पण हॉलमधले बाकीचे लोक आपापल्या कणकेकडे बघायला लागले. मी उगाच तिच्या नवऱ्यावर ओरडले, "तुम्ही काय उभे? पंखा मोठा करा."

मी त्यांना आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. खांद्यावर किती भार चालेल, कुठल्या बाजूने चालेल, ते मी ठरवणार नव्हते. पुढच्या आठवड्यात ती परवानगी घेऊन आली आणि आम्ही कामाला लागलो.

लांब कापड तिच्या उपयोगाचं नव्हतं, त्याला दोन हात लागतात. मी तिच्यासाठी कड्यांची झोळी काढली. हातमागाचं जाड सुती कापड, एका टोकाला दोन मजबूत कड्या. कापडाचं दुसरं टोक त्या कड्यांतून ओवून ठेवलं की ते एका हाताने ओढून घट्ट करता येतं. कड्या तिच्या उजव्या, चांगल्या खांद्यावर. उभं राहून बाळ उचलायचं नाही. दिवाणाच्या कडेला बसायचं, लोडाला रेलायचं, म्हणजे बाळ छातीवर आपोआप टेकतं. मग कापड बाळाच्या एका गुडघ्याखालून दुसऱ्या गुडघ्याखाली नेऊन त्याची बैठक करायची. बाळ त्या बैठकीत खोल बसलं पाहिजे, गुडघे बुडापेक्षा वर. मग कड्यांतून बाहेर आलेलं कापडाचं शेपूट ओढायचं, थोडं थोडं, काठ धरून. ओढताना घाई करायची नाही.

आधी अर्थात कणीक. तिने एका हाताने पहिल्यांदा बांधली तेव्हा कणीक कुशीतून निसटून दिवाणावर पडली. दुसऱ्यांदाही पडली. मी म्हटलं, "पोळ्या नाही करायच्या अजून, पुन्हा घे." ती हसली. तिचं ते पहिलं हसणं मी पाहिलं. ती चिवट होती. कापडाचा काठ दातात धरायची, मी रागावले की सोडायची आणि माझं लक्ष नाही बघून पुन्हा धरायची. रविवारच्या गर्दीत तिला संकोच वाटतो म्हणून मी तिला मधल्या वारी दुपारी बोलवायला लागले. सासूबाई बाळाला घेऊन ऑटोने सोबत यायच्या. त्यांना मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवायचे आणि म्हणायचे, "ताई, तुम्ही तिथून उठायचं नाही, मला वर्गात पालक चालत नाहीत." त्याही बिचाऱ्या बसायच्या. पण त्यांच्याकडे पाहिलं की कळायचं, त्या खुर्चीवर बसलेल्याच नाहीत. टाचा उचललेल्या, शरीर पुढे, धावायच्या तयारीत.

कणकेनंतर बाळ. ज्या दिवशी त्या रागीट पोरीला तिने माझ्या दिवाणावर रेलून स्वतः छातीवर बांधलं, त्या दिवशी आधी आरडाओरडा झाला. मग पोरीने आईच्या मानेत नाक घुसवलं आणि गप्प झाली. "आता ऊठ," मी म्हटलं. ती उठली. मी दोन पावलांवर उभी होते. ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. उजवा हात बाळाच्या पाठीवर होता, तो तिने हळूच उचलून बघितला. बाळ जागच्या जागी. तिने मला तो मोकळा हात हलवून दाखवला, शाळेतल्या पोरी दाखवायच्या तसा. मला इतका आनंद झाला की मी स्वतः जाऊन चहा टाकला.

आणि दोन दिवसांनी फोन आला. "मॅडम, घरी नाही जमत. खाली घसरते. कापड ढिलं पडते."

मी म्हटलं, कड्यांत कापड पिळलं असेल. नाही म्हणाली. बैठक नीट केली का? केली. मी तिला परत बोलावलं. माझ्यासमोर बांधलं, चोख बसलं. ती घरी गेली, पुन्हा फोन. बाळ पाय ताठ करतं, बैठक सुटते, पोरगी घसरून बाजूला येते, मग सगळे धावतात. मी तिच्याकडून व्हिडिओ मागवला. त्यात ती पलंगावर बसून बांधत होती आणि सगळं ठीक होतं. म्हणजे बांधण्यात चूक नव्हती. मी झोळीच बदलून दिली. तीच गत. माझं डोकं फिरायची वेळ आली. इतक्या लोकांना शिकवलं, पण माझ्या घरी बसणारी आणि दुसऱ्याच्या घरी घसरणारी झोळी मी पाहिली नव्हती.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा ती आली आणि झोळी नीट घडी करून माझ्या टीपॉयवर ठेवली. "राहू द्या मॅडम. मले वाटते हे माझ्याकडून होणार नाही. पडली-बिडली तर मी काय तोंड दाखवू?"

सासूबाई सोबत होत्याच. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, "तुम्ही लय मेहनत घेतली बाई. पण काय करता. आता तान्हा पोळा आला, मी आणून ठेवला आहे लाकडाचा नंदी नातीसाठी. पोट्टीचा कशाचा तान्हा पोळा म्हणे एक जण. म्या म्हटलं, पोट्टीचाच! मी घेईन तिले कडेवर, बाप नंदी ओढंन, अन् ही मागून येईन आमच्या."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुलं ते घरोघर ओढत नेतात. बायका नंदीला ओवाळतात, कुंकू लावतात आणि मुलाच्या हातावर बोजारा म्हणजे खाऊ, पैसे असं काहीतरी ठेवतात. अगदी तान्ह्याला आई कडेवर घेते आणि नंदीची दोरी आपल्या हाताने ओढते. आई, असं म्हणतेय मी. "ही मागून येईन" हे ऐकताना सून खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. मला ते सहन झालं नाही. मी झोळी उचलून परत तिच्या पिशवीत कोंबली. म्हटलं, "उद्या मी तुमच्या घरी येते. मला बघू दे एकदा माझ्या डोळ्यांनी."

त्यांचं घर आमच्यापासून फार लांब नाही, नवीन लेआउटमधलं, अजून समोरच्या प्लॉटवर रेतीचा ढीग. मी गेले तेव्हा नवरा कामावर होता. सुनेने पलंगावर बसून रेलून बाळ बांधलं. बैठक खोल, गुडघे वर, तोंड मोकळं, चोख काम. मग ती उभी राहिली, आणि ती उभी राहताक्षणी सासूबाई डाव्या बाजूने पुढे झाल्या आणि त्यांचा हात बाळाच्या बुडाखाली गेला.

ती स्वयंपाकघराकडे निघाली, तसा हातही निघाला. मी बघत राहिले. बाळाला खालून टेकू मिळाला. लहान मुलाला पायाखाली किंवा बुडाखाली काही टणक लागलं की ते त्याला रेटून अंग ताठ करतं, हे कुठल्याही आईला विचारा. पोरीने त्या तळहातावर रेटा दिला, अंग ताणलं, गुडघे खाली गेले आणि कापडाची बैठक तिच्या मांड्यांखालून सुटली. कापडावर तिचा भारच उरला नव्हता, सगळा भार सासूबाईंच्या हातावर. झोळी लोंबायला लागली.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या, "पडलं ना ढिलं! मी नसती धरली तर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने ती पोरगी स्वतःला नालायक समजत होती, आणि कारण हे! मी मैदानावरच्या आवाजात ओरडले, "हात काढा तो!"

बाळ दचकून रडायला लागलं. सून जागीच थिजली. सासूबाईंनी बाळाला आधी नीट काढून घेतलं, सुनेला पलंगावर बसवलं, तिच्या मांडीवर पोरीला ठेवलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्याच्या घरात, माझ्या वयाच्या बाईला मी असं बोलले होते. सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. मी उठले आणि त्यांच्या मागे गेले.

त्या ओट्याशी उभ्या होत्या. नळ सोडलेला होता आणि त्या धुतलेलं पातेलं पुन्हा धुत होत्या.

"ताई," मी म्हटलं, "माझा आवाज तसाच आहे. पण मी जे बोलले ते तुमच्या सुनेसाठी बोलले."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. नळ बंद केला नाही. "तुम्ही म्हणता हात काढा. तिचा हात कसा गेला ते ठाऊक आहे का तुमाले? मले दवाखान्यात घेऊन चालली होती गाडीवर. माहा बीपी वाढला होता, मीच घाई केली. लग्नाले वर्ष बी नव्हतं झालं. रस्त्यात कुत्रं आडवं आलं. गाडी लवंडली तवा तिनं मले सावराले हात मागं टाकला. मी पडली बाजूच्या गवतावर, मले खरचटलं बी नाही. अन् ती त्याच हातावर आपटली." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "तिचा हात माह्यापायी गेला बाई. मंग तिच्या लेकराखाली माहा हात नको? काहून काढू मी? सांगा."

मघाचा राग कुठे गेला कळलं नाही, आणि मला त्या बाईबद्दल एकदम इतकं प्रेम वाटलं की मी त्यांच्या खांद्याला धरून तशीच उभी राहिले. नळ मात्र मी बंद केला.

मग मी त्यांना विचारलं, घरात कणीक आहे का. डब्यात होती. उशीचा अभ्रा मागून मी त्यात कणीक भरली, तोंड बांधलं आणि झोळी आणून ती पिशवी सासूबाईंच्याच छातीवर बांधली. "मायबाई, हे काय करून राहिल्या," असं म्हणत त्या उभ्या राहिल्या. पिशवी घट्ट बसली होती. "भार कुठे जाणवतो?" मी विचारलं. खांद्यावर, पाठीवर, त्या म्हणाल्या. मग मी माझा हात पिशवीखाली घातला आणि थोडा वर रेटला. पिशवी उचलली गेली. कापड त्यांच्या खांद्यावरून सैल झालं आणि पाठीवरून घसरायला लागलं. मी हात तसाच ठेवून त्यांना चालायला लावलं. ओट्यापासून फ्रिजपर्यंत जाईस्तोवर झोळी पार लोंबायला लागली आणि कणकेची पिशवी माझ्या हातात आली.

त्यांनी खाली बघितलं, मग माझ्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे ते माह्यानंच घसरत होतं?"

"तुमच्या हातानं. तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं. हा फरक त्यांना पटला की नाही कुणास ठाऊक, पण पदराने त्यांनी डोळे पुसले. सून दारात येऊन उभी होती, बाळ उजव्या खांद्यावर, चौकटीला टेकून. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आई, मी तुमाले कधी म्हटलं का की तुमच्यामुळं झालं?"

"तू नाही म्हणत वं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणूनच तं."

त्यानंतर त्या हात काढायला तयार झाल्या, पण तयार होणं वेगळं आणि हाताने ऐकणं वेगळं. मी तान्ह्या पोळ्यापर्यंत तीन-चारदा गेले असेन. सून चालायची, सासूबाई शेजारून चालायच्या आणि हात पुढे जायचा. मग त्या स्वतःच दुसऱ्या हाताने तो धरून मागे आणायच्या. एकदा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, तर चालता चालता तोल गेला, आणि आम्ही तिघी हसलो. बाळ एकदाही घसरलं नाही. तरी गच्चीवर एकटीनं जायची वेळ आली की सासूबाईंना काहीतरी वाळत घातलेलं आठवायचं आणि त्या मागोमाग जिना चढायच्या. सून मला फोनवर सांगायची आणि हसायची. एकटीचं जाणं काही झालं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी आभाळ उघडलं होतं. त्यांच्या लेआउटमधल्या मंदिराजवळ मुलं जमली होती, कुणी मावळा, कुणी शेतकरी, एकाने काजळाची मिशी रंगवून ती घामाने गालभर पसरवलेली. लाकडी नंद्यांना फुगे बांधलेले, शिंगांना बेगड. आमच्या पोरीचा नंदी अगदी लहान होता, पाठीवर सासूबाईंनी लाल ब्लाउजपीसची झूल शिवून घातली होती. सुनेने हिरवी साडी नेसली होती. बाळ छातीशी, जरीचं कुंचं घातलेलं, तोंड उघडं. डावा हात पदराखाली आणि उजव्या हातात नंदीची दोरी; बाप कारखान्यात पाळीवर होता. मी लांबून तिचा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सगळा हिशेब बघून घेतला. ती दोन्ही पायांवर सारखी उभी होती.

पहिलं घर झालं, दुसरं झालं. नंदीला ओवाळलं, बाळाच्या मुठीत चॉकलेट दिलं, ते पोरीने लगेच तोंडाकडे नेलं आणि सुनेने दोरी मनगटात अडकवून ते काढून घेतलं. सासूबाई डाव्या हाताला चालत होत्या, मी त्यांच्यामागे. त्यांचा हात पदर धरून होता, पदराचा अगदी बोळा झाला होता. तिसऱ्या घराच्या फाटकात एक ओळखीची बाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. ती सुनेकडे बघून किंचाळलीच, "अवं मायबाई, लेकरू पडन ना! अन् तू काय पाहून राहिली वं, धर ना त्याले! कशी सासू आहे?"

सासूबाईंचा हात सुटला आणि बाळाखाली गेला. मी तोंड उघडणार होते. त्याआधी सून थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, राहू द्या."

तो हात क्षणभर तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढला. त्या बाईकडे वळून त्या म्हणाल्या, "नाही पडत. तिच्या आईनं बांधलं आहे."

ओवाळून झालं. पुढे निघायचं तर सासूबाई जागच्या हलेनात. त्या सुनेला म्हणाल्या, "तू जा समोर. माहे पाय दुखून राहिले. मी इथंच थांबते मॅडमजवळ."

पाय दुखणारं माणूस सारखा भार बदलत असतं. त्या दोन्ही पाय रोवून उभ्या होत्या.

सुनेने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती निघाली. नंदीची चाकं सिमेंटच्या रस्त्यावर गडगडत होती. चौथं घर, पाचवं घर, मग कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, आणि तिथून ती वळली. हिरवा पदर दिसेनासा झाला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"येईन आता," त्या म्हणाल्या.

मावळा परत आला, शेतकरी आला. मिशीवाला आपला नंदी काखोटीला मारून आला. ती आली नाही. माझाही जीव आता थोडा वरखाली होत होता, पण मी ते दाखवलं नाही.

"काहून नाही आली वं अजून?" सासूबाईंनी विचारलं. "दुकानापलीकडं दोनच तं घरं आहेत. मी पाहून येऊ का?"

त्या दोन पावलं पुढे गेल्या. थांबल्या. परत माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा माझं मनगट धरलं. आम्ही दोघी त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. रस्त्यावरचे दिवे लागले.

ती त्या कोपऱ्यावरून आलीच नाही. आमच्या पाठीमागून चाकांची गडगड ऐकू आली आणि आम्ही वळलो. ती पलीकडच्या टोकाकडून, अजिबात घाई न करता येत होती. बाळ तिच्या छातीवर झोपलं होतं, कुंचं एका कानावर आलेलं.

"कुठं गेल्ती वं तू?" सासूबाईंचा आवाज फाटला होता. "किती वेळ!"

"मागच्या लाइनीनं फिरून आलो, आई," ती म्हणाली. बाळ उठू नये म्हणून अगदी हळू बोलत होती. "तिकडं कोणाच्या घरी नाही गेलो. असंच. आम्ही दोघीच होतो ना."

सासूबाईंनी तिच्या हातातून नंदीची दोरी घेतली आणि तो बैल ओढत त्या आमच्या पुढे घराकडे चालू लागल्या. फाटक येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.